आजीच्या गावाचा एम्प्लॉयी कोड

विकिपीडियावर लेख लिहिला, सेव्ह केला, काम फत्ते! असं वाटतंय? थांबा, एक क्लिक बाकी आहे. ते चुकलं की काय होतं, ते माझ्याकडून ऐका...

शुक्रवारची रात्र. अख्खी टीम बाणेरला पार्टीला आणि मी घरी लॅपटॉपसमोर! कारण एकच, आजीचं गाव. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात हे गाव गेलं आणि माणसांनी वर माळावर त्याच नावाचं नवं गाव वसवलं. मराठी विकिपीडियावर त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. म्हटलं, आपणच लिहू. गॅझेटियर धुंडाळलं, जनगणनेचे आकडे काढले. आजीच्या आठवणी मात्र गाळाव्या लागल्या. तिथं प्रकाशित संदर्भ लागतो ना!

दुसऱ्या दिवशी माझ्या चर्चा पानावर एका जुन्या संपादकांचा निरोप. ‘लेख आवडला. आता तो विकिडाटाला जोडाल का? अडलं तर विचारा.’

मनात म्हटलं, झालं! आता हा आणखी एक फॉर्म.

दोन अमोल पाटील

विकिडाटा म्हणजे काय? तुमच्या ऑफिसात दोन अमोल पाटील असतील, तर पगार कुणाच्या खात्यात टाकायचा हे एचआरला कसं कळतं? एम्प्लॉयी कोडवरून! विकिडाटा हेच करतो, फक्त साऱ्या जगासाठी. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हा सगळ्या भाषांचा सामायिक डेटाबेस. इथं प्रत्येक गोष्टीला ‘क्यू’पासून सुरू होणारा क्रमांक मिळतो. मुंबई म्हणजे क्यू ११५६, पुणे शहर म्हणजे क्यू १५३८. पुणे जिल्ह्याचा क्रमांक वेगळा.

पूर्वी प्रत्येक भाषेतल्या लेखाच्या तळाशी बाकीच्या भाषांच्या दुव्यांची लांबलचक यादी असायची. एका भाषेत नवा लेख आला, की बाकी सगळीकडची यादी बदला! २०१३पासून ही कटकट संपली. एकदा विकिडाटाला जोडलं, की सगळ्या भाषांना कळतं.

भाषांतराच्या टूलमधून लेख केला, तर ही जोडणी बहुतेक वेळा आपोआप होते. स्वतः बसून लिहिलेला लेख मात्र एकटा पडतो. म्हणजे जास्त मेहनत करणाऱ्याचाच लेख कोपऱ्यात. आहे की नाही गंमत?

आणि मी माती खाल्ली

मी काय केलं? गावाचं नाव टाइप केलं, पहिलं जे आलं त्याला लेख जोडला आणि झोपलो. या नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत, याचा विचारच केला नाही.

रविवारी मोठ्या ऐटीत आजीला मोबाइल दाखवला. लेखाची माहितीचौकट विकिडाटावरून भरली जाते, त्यामुळे आता नकाशाही आला होता. आजीनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

‘हे आपलं गाव नव्हे रे.’

‘अगं आजी, नाव बघ ना!’

‘नाव आहे. पण पाणी कुठंय? आपलं अख्खं गाव गेलं पाण्यात आणि इथं थेंब नाही.’

नकाशावर थेट मराठवाडा! तिथली लोकसंख्याही आमच्या गावाला चिकटली होती. विकिडाटा कुणालाही मुक्तपणे वापरता येतो, त्यामुळे ही चूक पुढं कुठं कुठं गेली असती, देव जाणे.

शेवटी त्या संपादकांना शरण गेलो. ‘सर, चुकलंय.’ त्यांनी ना झापलं, ना नियमांची जंत्री पाठवली. ‘होतं असं. तालुका आणि नकाशा बघून जोडा. नव्या गावाची नोंद आधीच आहे, बघा.’ खरंच होती! तीही फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियामुळे. तिथं एका बॉटनं जगभरच्या गावांचे लाखो लेख केलेत. आमच्या गावाला सेबुआनोत पान होतं, मराठी नाव मात्र नव्हतं. ते मी भरलं. बुडालेल्या गावासाठी वेगळी नोंद केली आणि त्याची जागा नव्या गावानं घेतली, असंही नोंदवलं.

टोकावं, पण कसं?

आता मीही नव्या मंडळींना टोकतो. लेख आला, की लगेच, आणि एकदाच. आधी लेखातली आवडलेली गोष्ट सांगायची, मग एकच काम सांगायचं, सोबत मदतीचा हात. सेम साचेबंद सूचना पाच वेळा डकवली, तर फुकट काम करणारा माणूस कशाला थांबेल? ऑफिसातली रिमाइंडर मेल आपण तरी कुठं वाचतो!

जोडण्याआधी हे बघा

- आधी शोधा. मराठी, इंग्रजी, दोन्ही स्पेलिंगनं.
- तालुका, जिल्हा, नकाशा जुळतोय ना?
- नोंद नसेल तरच नवी करा. एकाच गोष्टीच्या दोन दिसल्या, तर एकत्र करा.
- शंका असेल तर जोडू नका, विचारा.

दुरुस्तीनंतर आजीला पुन्हा नकाशा दाखवला. तिनं निळ्या रंगावर बोट टेकवलं. ‘इथं आमची विहीर होती.’ विहिरीला अजून क्रमांक नाही. संदर्भ शोधतोय!