तिळे ‘न’ पकडा!

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात गेलात, तर मान वर करून पाट्या वाचत चला. इथे दुकानाचं नाव गुजरातीत, तर खानदेशातून आलेल्या मंडळींचा गणपतीचा फ्लेक्स मराठीत! एखाद्या फ्लेक्सवर तिरकी, गोलमटोल अक्षरं असतात. जणू कुणी आत्ताच स्केचपेनने लिहिलीत.

खरंच लिहिलीत का? शोधून काढू.

समजा, पाटीवर ‘नवीन दुकान’ असं आहे. त्यात ‘न’ तीनदा येतो. तुम्ही वहीत तीन ‘न’ काढलेत, तर ते भावाभावांसारखे दिसतील. एकाची काठी आखूड, दुसऱ्याची गाठ फुगलेली. पाटीवरचे तिन्ही ‘न’ मात्र हुबेहूब तिळे निघाले, की समजा चोर सापडला. हा फॉन्ट! काही फॉन्ट याहून बिलंदर असतात. ते एकाच अक्षराची दोन-तीन रूपं जवळ ठेवतात आणि आळीपाळीने वापरतात.

अहमदाबादच्या ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा ‘कलम’ हा हस्ताक्षरासारखा दिसणारा एक फॉन्ट. बॉलपेनने भराभर लिहावं तशी त्याची अक्षरं तिरकी, आणि रेघांची टोकं गोल. दिसतो साधा, पण देवनागरीत क्ष, त्र, ष्ट्र अशी जोडाक्षरांची फौज असते. त्यातल्या कित्येकांना वेगळं चित्र काढावं लागतं. वर शिरोरेषेची कटकट! प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेला बरोबर त्याच उंचीवर भेटायला हवी, नाहीतर ‘कमळ’ लिहिताना डोक्यावर जिना तयार होतो. गुजराती लिपीला शिरोरेषाच नाही, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

असे फॉन्ट वापरायचे कुठे? वाढदिवसाच्या पत्रिकेत, चित्रकथेत. १९९४ साली फॉन्ट घडवणाऱ्या व्हिन्सेंट कोनेअर यांनी संगणकावरच्या एका कार्टून कुत्र्याच्या तोंडी वर्तमानपत्री थाटाची अक्षरं पाहिली. त्यांना ते काही पटेना. त्यातूनच ‘कॉमिक सान्स’ हा फॉन्ट जन्मला. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र असली अक्षरं नकोत हं, गाडी चुकेल!

मला सगळ्यात आवडतो मुंबईच्या ‘एक टाइप’चा गुबगुबीत ‘बलू’. तो हस्ताक्षरी नाही, पण खट्याळ आहे. त्याचं गुजराती रूप ‘बलू भाई’, बंगाली ‘बलू दा’, पंजाबी ‘बलू पाजी’, तमिळ ‘बलू तंबी’. सगळे भाऊच! आपल्या देवनागरीचा तेवढा नुसताच ‘बलू’. निदान ‘बलूदादा’ तरी म्हणायचं होतं की!