रडू आलं, म्हणजे आजार मोठा?



आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरतात. त्यात मनाबद्दलही दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? उत्तराला गुण मिळतात आणि गुण जास्त आले तर पुढची तपासणी होते. म्हणून प्रश्न बाईला आणि पुरुषाला सारखाच मोजणारा हवा. तराजूच एका बाजूला झुकलेला असेल, तर माप चुकणारच!

१९७७ साली अमेरिकेत उदासी मोजायला २० प्रश्नांची यादी निघाली. त्यात एक प्रश्न रडू येण्याबद्दल होता. पुढे अभ्यासकांना त्यातच खोट सापडली.

ही खोट कशी ओळखतात? बायकांचे गुण जास्त आले एवढ्यावरून प्रश्न चुकीचा ठरत नाही. बायकांना खरंच त्रास जास्त असू शकतो. म्हणून आधी जोड लावतात. समजा, २० बायका आणि २० पुरुष घेतले. बाकीच्या प्रश्नांत सगळ्यांचे गुण सारखे, म्हणजे उदासी सारखीच. तरी रडण्याच्या प्रश्नाला १४ बायका ‘हो’ म्हणाल्या आणि पुरुष फक्त ५. मग हा प्रश्न नुसती उदासी मोजत नाही. ‘पुरुषानं रडायचं नसतं’ ही शिकवणही त्यात मोजली जाते. याने बाईचा त्रास आहे त्याहून मोठा दिसतो आणि न रडणारा पुरुष मागे राहतो.

आपल्याकडचे प्रश्नही असेच तपासून बघा. ‘घरकाम करवत नाही का?’ ज्यानं कधी घरकाम केलंच नाही, तो काय सांगणार? ‘घराबाहेर जाणं टाळता का?’ जिला जाऊच देत नाहीत, तिचं उत्तर मनाचं की घरच्या धाकाचं? अशी शंका आली, की जोड लावून मोजल्यावरच ती खरी की खोटी ते कळतं.

तोवर आपण काय करायचं? प्रश्न कळला नाही तर परत विचारायचा. ‘बाईच्या जातीला चालायचंच’ म्हणून ‘नाही’ सांगायचं नाही. कारणही सांगायचं. आणि घरातला माणूस रडत नाही, म्हणून तो बरा आहे असं धरून चालायचं नाही.

मन फार जड झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. मराठीतही बोलता येतं. पुढच्या बैठकीत हा नंबर सगळ्यांनी लिहून घ्या.