कोची : मिरीचे बंदर आणि सरत चाललेला किनारा

बंदरे माणूस बांधतो, हे अर्धेच सत्य आहे. कोचीचे बंदर एका महापुराने घडवले, असे इतिहासकार सांगतात. इ. स. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला. ज्या मुझिरिस बंदरात पूर्वी रोमन जहाजे काळी मिरी नेण्यासाठी येत, त्याची वाट गाळाने बुजली आणि दक्षिणेकडे कोचीचे मुख मोकळे झाले. व्यापार पाण्यामागे गेला आणि माणसे व्यापारामागे गेली. आजचे कोची पाहताना हा क्रम ध्यानात ठेवला, तर त्या शहराचे वैभव कळते आणि त्याची चिंताही कळते.

इ. स. १५०० मध्ये पोर्तुगीज येथे आले आणि १५०३ मध्ये त्यांनी किल्ला बांधण्यास आरंभ केला. वास्को द गामा १५२४ मध्ये येथेच मरण पावला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याची कबर आजही दाखवतात, मात्र अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेण्यात आले. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. तीन सत्तांनी एकमेकींना हुसकावले, त्यामागे मुख्यतः मिरीच्या किफायतशीर व्यापाराचा लोभ होता.

मराठी वाचकाला या इतिहासात एक ओळखीची खूण सापडते. पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडलेली अनेक गौड सारस्वत कुटुंबे कोचीला स्थिरावली. तेथील तिरुमल देवस्थान त्यांचे आहे. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करविला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी पंडितांनी साहाय्य केले. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे निघालेल्या पहिल्या खंडात त्यांचे कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे.

मट्टांचेरीच्या पेढ्या

फोर्ट कोचीहून मट्टांचेरीकडे वळले की गुजराती रोड लागतो. कच्छ व सौराष्ट्रातील व्यापारी पिढ्यान्पिढ्या येथे राहिले. घरात कच्छी वा गुजराती आणि बाजारात मल्याळम, अशी त्यांची रीत पडली. १९०४ मध्ये उभारलेले श्री धर्मनाथ भगवंतांचे मंदिर हे या वस्तीचे हृदय. दुपारी तेथे कबुतरांना दाणे घातले जातात आणि शेकडो पक्षी शिखराभोवती घिरट्या घालतात. जवळच्या जाळ्यांवर आणि मासळीच्या पाट्यांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर हा जीवदयेचा नेम आजही पाळला जातो.

मिरीचा व्यवहार मुळात विश्वासाचा. डोंगराळ भागातून वाळवलेला माल वखारीत येई. तेथे तो चाळून, पाखडून, काडीकचरा व पोकळ दाणे वेगळे करून प्रत ठरविली जाई. एका लिटरच्या मापात किती ग्रॅम मिरी बसते, यावरून दाण्याचा भरीवपणा कळे. परंतु मुरब्बी व्यापारी तळहातावर नमुना घेऊन रंग, वास आणि दाण्याचा कठीणपणा यांवरूनच भाव सांगत असे. वखारीतील पोती तारण ठेवून बँका कर्ज देत. तारणाची किंमत मालावर असे, तितकीच मालकाच्या नावावरही असे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या मिरी व्यापारी संघटनेच्या ज्यू टाउनमधील सभागृहात ओरडून वायद्याचे सौदे होत, आणि तेथील भावाकडे देशोदेशीचे खरेदीदार लक्ष ठेवत.

पुढे सौदे संगणकावर गेले. २०१२ च्या अखेरीस कोचीतील वायदेबाजाराच्या गोदामांतील हजारो टन मिरी खनिज तेलाच्या भेसळीच्या कारणावरून अन्नसुरक्षा यंत्रणेने मोहोरबंद केली. ज्यांनी माल हाताने पाहिला नव्हता, केवळ पावती पाहिली होती, त्यांचे भांडवल अडकले. मिरीचे हे वायदे त्यानंतर बंद पडले. दरम्यान जगाच्या बाजारात व्हिएतनाम पुढे गेला होता आणि २०११ पासून कोचीची मोठी जहाजे वल्लारपाडम येथील कंटेनर टर्मिनलला लागू लागली होती. मट्टांचेरीच्या वखारींचे धक्के रिकामे होऊ लागले.

पाहावयास जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुंबईहून कोकण रेल्वेच्या मार्गाने नेत्रावती एक्स्प्रेस एर्नाकुलमला जाते. तेथून फोर्ट कोचीला बोटीने जावे. २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो वातानुकूलित व स्वच्छ आहे. पोर्तुगिजांनी १५५५ मध्ये कोचीच्या राजाला बांधून दिलेला आणि डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा रामायणातील भित्तिचित्रांसाठी पाहावा. १५६८ चे परदेशी सिनेगॉगही चुकवू नये. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली आणि प्रार्थनास्थळ येथेच राहिले.

भोजनाविषयी आधीच विचारावे. सांबारात लहान कांदा असतोच आणि ‘कप्पा’ म्हणजे टॅपिओकाचा कंद. इडिअप्पम, नारळाचे दूध, केळी यांवर मात्र निश्चिंतपणे राहता येते. मंदिराच्या परिसरात चौकशी केली की साधर्मिक बंधू योग्य वाट दाखवतात.

राहावयास जाताना

चार दिवसांची सहल निराळी आणि बारा महिन्यांचे राहणे निराळे. जूनपासूनचा पाऊस सप्टेंबरपर्यंत चालतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा वळतो. दमटपणाने कपाटातील वह्यांना बुरशी येते आणि डासांचा उपद्रव कायमचा. अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोठ्या भरतीला सखल गल्ल्यांत खारे पाणी घरात शिरते. ते ओसरले तरी भिंतीत क्षार उरतो आणि गिलावा पोपडे धरतो.

किनाऱ्याची स्थिती याहून बोलकी आहे. विसाव्या शतकात अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो याने मुखाशी असलेला वाळूचा बांध कापला. १९२८ पासून मोठी जहाजे आत येऊ लागली आणि गाळ उपसून विलिंग्डन बेट उभे राहिले. ही वाट खोल ठेवण्यासाठी उपसा अखंड चालू ठेवावा लागतो. फोर्ट कोचीची पुळण मात्र आकसत गेली. पावसाळ्यात वाळू नाहीशी होते, हिवाळ्यात थोडी परतते, तिच्याबरोबर जलपर्णी आणि प्लास्टिकही येते. प्रवाशाला जो किनारा दाखवला जातो, तो बराचसा दगडी बांध आहे.

अशा ठिकाणी वडिलार्जित वखार असलेल्या कुटुंबांपुढे खरा प्रश्न उभा राहतो. मुले बंगळुरू-मुंबईला स्थिरावली आहेत. जुन्या इमारतींत उपाहारगृहे, कलादालने, पाहुण्यांच्या खोल्या निघत आहेत, आणि २०१२ पासून भरणाऱ्या कलाप्रदर्शनाने ही मागणी वाढवली आहे. भाडे घ्यावे, विकावे की धंदा चालवावा? हिशेब करताना भरतीचे पाणी, दुरुस्तीचा वार्षिक खर्च आणि हंगामी उत्पन्न या तिन्ही गोष्टी प्रथम मांडाव्यात. केवळ भावनेने राखलेली वास्तू पुढच्या पिढीला ओझे होते.

मात्र हिशेबाच्या वहीत न येणारी एक बाब आहे. सिनेगॉगचे उदाहरण समोरच आहे. वास्तू सुस्थितीत राहिली, पण तेथे नित्य प्रार्थना करणारी माणसे उरली नाहीत. मंदिराची पूजा, पाठशाळा, महाजनाची व्यवस्था आणि कबुतरांचे दाणे यांसाठी तेथे राहणारी घरे लागतात, दूरवरून पाठविलेला निधी पुरत नाही. म्हणून वखार विकणाऱ्यांनी निदान राहते घर ठेवावे आणि पर्युषणात मुलाबाळांसह तेथे यावे. जे पर्यटक म्हणून जातील, त्यांनी चिनी जाळ्यांच्या छायाचित्रानंतर एक तास गुजराती रोडसाठी राखावा आणि एखाद्या उघड्या पेढीत बसून मिरीचा भाव विचारावा. तेथील वृद्ध शेठजी भावाबरोबर पुष्कळ काही सांगतील.