मॉन्टगोमेरीची बस आणि आमच्या मुली

वाळूज औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीच्या वेळी बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर भागातून कामगार स्त्री-पुरुषांची रीघ लागते. वाहन चुकले तर पायपीट आणि उशीर झाला तर पगारावर घाला. म्हणून अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहराची हकीकत इथल्या घरांत चटकन कळेल, असे आम्हांस वाटते.

त्या शहरात बसच्या पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. गोऱ्यांची गर्दी वाढली की मधल्या रांगेतील काळ्या माणसाने उठायचे. तिकिटाचे पैसे मात्र दोघांना सारखेच! दि. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके छापली आणि ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया कित्येक मैल चालत गेल्या. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटांत, माणसे पोचवली. असे ३८१ दिवस! नेतृत्व होते २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांचे. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हाही ती माणसे पायीच चालत होती. २१ डिसेंबरला ती बसमध्ये पुढे बसली.

बाबासाहेबांना हा प्रश्न परका नव्हता. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. पुढे हा धागा आपल्या नागसेनवनातच विणला गेला. अमेरिकेत शिकून आलेले मिलिंद महाविद्यालयाचे डॉ. म. ना. वानखेडे यांनी काळ्या लेखकांचे साहित्य आमच्या लेखकांपुढे ठेवले. तेथूनच 'अस्मिता' निघाले आणि गंगाधर पानतावणे यांनी ते 'अस्मितादर्श' म्हणून चालविले. ऑकलंडला १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, तर १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर.

आमच्या व्याख्यानांत किंग येतात, पँथर येतात. क्लॉडेट कॉल्विनचे नाव मात्र क्वचितच निघते. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी त्याच शहराच्या बसमध्ये उठली नव्हती. पोलिसांनी तिला ओढून नेले. पण पुढाऱ्यांनी तिला पुढे केले नाही. गरीब घरची, वयाने लहान. त्यात पुढे ती लग्नाआधी गरोदर राहिली. लोक काय म्हणतील, हे भय तिथल्या चळवळीलाही होतेच. आपल्या वस्तीत मुलीने तोंड उघडले की आधी तिची चाल पाहणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे.

बसमधील भेदभाव ज्या दाव्याने संपला, त्यातील वादी स्त्रियांमध्ये हीच कॉल्विन होती. अटकेची तिच्या नावावरील जुनी नोंद अलाबामाच्या न्यायालयाने २०२१ साली पुसली. तेव्हा तिचे वय ८२ होते.