नव्या स्वयंपाकघराला ऊब हवी

लाखभर रुपये आणि दोन-तीन महिन्यांची धूळ सोसून स्वयंपाकघर नवे होते. पण प्रत्यक्ष वापरू लागल्यावर ते परके, थंड वाटू लागते. यासाठी पुन्हा तोडफोड करण्याची गरज नसते. प्रकाश, साहित्य आणि रंग या तीन गोष्टींचा योग्य क्रमाने विचार केल्यास तेच स्वयंपाकघर आपलेसे होऊ शकते.

स्वयंपाकघराचे नूतनीकरण हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील मोठाच सोहळा असतो. जुना कडप्प्याचा ओटा जातो, त्या जागी गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा पांढराशुभ्र कृत्रिम दगड येतो. मांडणीवरची भांडी ट्रॉल्यांमध्ये अदृश्य होतात. चकचकीत लॅमिनेटची शटर, छतापर्यंत भिडलेल्या टाइल्स, चिमणी आणि लख्ख पांढरे एलईडी दिवे, असा सारा थाट जमून येतो. पाहुणे कौतुक करून जातात. मात्र महिन्याभरात घरातलेच कोणी तरी म्हणते, की इथे दवाखान्यात उभे राहिल्यासारखे वाटते. पूर्वी ओट्याशेजारी स्टूल टाकून भाजी निवडत बसणारी आजी आता दिवाणखान्यातच थांबते. खर्च वाया गेला असे उघडपणे कोणी म्हणत नाही, पण काही तरी हरवल्याची चुटपुट राहते.

ही भावना म्हणजे केवळ जुन्याचा मोह नव्हे. तिच्यामागे काही ठोस कारणे आहेत आणि ती समजून घेतली तर उपायही सोपे होतात.

कार्यक्षमतेचा वारसा

आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची वंशावळ जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरापर्यंत जाते. तेथील नव्या गृहवसाहतींसाठी १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन महिला वास्तुविशारदाने एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा जागेत प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर यावी, गृहिणीची पायपीट वाचावी, हा त्यामागचा हेतू होता. रेल्वेच्या भोजनडब्यातील चिंचोळी स्वयंपाकघरे हा त्यांच्यापुढील एक आदर्श होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात उभी राहिली.

विशेष म्हणजे हे स्वयंपाकघर पांढरे नव्हते. त्यातील अनेक कपाटांना निळसर हिरवा रंग दिलेला होता. त्या रंगावर माश्या बसत नाहीत, अशी तेव्हा समजूत होती. पुढे या कल्पनेचा प्रसार जगभर झाला, तेव्हा मोजमापांची शिस्त तेवढी टिकली. रंग मागे पडला आणि स्वच्छतेची खूण म्हणून पांढऱ्या, गुळगुळीत पृष्ठभागाला मान मिळत गेला.

मराठी घरातील जुन्या स्वयंपाकघराची गोष्ट निराळी होती. लाल कोब्याची जमीन, गेरूने रंगवलेली भिंतीची कड, पितळी डबे, चिनीमातीच्या बरण्या, लाकडी पाट आणि काठवट यांतून तेथे रंग आपोआप येत असे. तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. वापरातल्या वस्तूच रंगीत होत्या आणि त्या नजरेसमोर होत्या. त्या स्वयंपाकघरात धूर होता, वाकून काम करण्याचे कष्ट होते, हे विसरून चालणार नाही. नव्या रचनेने ते कष्ट खरोखरच कमी केले. हे सुख कायम ठेवून हरवलेली ऊब परत कशी आणायची, एवढाच प्रश्न आहे.

सुरुवात दिव्यापासून

बहुतेक जण ऊब आणण्यासाठी प्रथम भिंतीचा रंग बदलायला निघतात. वास्तविक सुरुवात दिव्यापासून करायला हवी. कारण प्रकाश चुकीचा असेल तर कोणताही रंग खुलत नाही.

प्रकाशाची छटा केल्विन या एककात सांगितली जाते. येथे आकडा जितका कमी, तितका प्रकाश अधिक पिवळसर, उबदार. समईच्या ज्योतीचा प्रकाश साधारण १,९०० केल्विनचा, जुन्या तारेच्या बल्बचा २,७०० च्या आसपास, तर 'कूल डेलाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या एलईडीचा ६,५०० केल्विनचा असतो. आपल्याकडे पांढरा दिवा म्हणजे जास्त उजेड, असा समज असल्याने स्वयंपाकघरात हाच शेवटचा प्रकार सर्रास बसवला जातो. पांढऱ्या शटरवर, पांढऱ्या टाइलवर तो निळसर पडतो आणि खोली गारठल्यासारखी दिसते. त्याऐवजी छताला २,७०० ते ३,००० केल्विनचा 'वॉर्म व्हाइट' दिवा आणि ओट्यावर कामासाठी ४,००० केल्विनच्या आसपासचा 'नॅचरल व्हाइट' प्रकाश, अशी विभागणी करावी. उजेड किती पडतो हे या छटेवर नव्हे, तर दिव्याच्या वेष्टनावर छापलेल्या ल्युमेन या आकड्यावर ठरते. त्यामुळे उबदार दिवा घेतल्याने खोली अंधारते, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा. तो शंभरपैकी मोजतात. सर्वसाधारण एलईडीचा सीआरआय ८० च्या आसपास असतो. स्वयंपाकघरासाठी ९० किंवा त्याहून अधिक असलेला घ्यावा. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंग विशेष मरगळतो. टोमॅटो, गाजर, तिखटाची तर्री निस्तेज दिसते आणि कांदा किती लाल झाला याचा अंदाज चुकतो. म्हणजे हा केवळ सौंदर्याचा नव्हे, तर स्वयंपाकाचाही प्रश्न आहे.

तिसरी बाब दिव्याच्या जागेची. खोलीच्या मध्यभागी एकच दिवा असेल, तर ओट्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्याची सावली नेमकी विळी-सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ एलईडीची पट्टी लावली की ही सावली नाहीशी होते. पट्टीवर दुधी आवरण असावे; अन्यथा चकचकीत ग्रॅनाइटमध्ये तिचे ठिपके चमकत राहतात आणि डोळ्यांना त्रास होतो.

वयाचा विचार

घरात ज्येष्ठ व्यक्ती असतील, तर प्रकाश आणि रंग यांचा संबंध थेट सुरक्षिततेशी येतो. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत ढोबळमानाने एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. झगमगाट मात्र अधिक खुपतो आणि निळ्या-हिरव्या छटांतील फरक ओळखणे कठीण होत जाते.

अशा वेळी पांढरा ओटा, पांढरी भिंत आणि पांढरीच फरशी ही रचना फसवी ठरते. ओट्याची कड कोठे संपते हे चटकन कळत नाही, सांडलेले मीठ किंवा दुधाचा ओघळ दिसत नाही, काचेचा पेला नजरेतून सुटतो. कडेला गडद पट्टी, पांढऱ्या ओट्यावर लाकडी पाट किंवा गडद ट्रे, उंबऱ्याशी वेगळ्या रंगाची आणि न घसरणारी पायपुसणी, एवढ्यानेही बराच फरक पडतो. रंगाचे पहिले काम सजावटीचे नसून डोळ्याला वाट दाखवण्याचे आहे.

हाताला जाणवणारी ऊब

ऊब केवळ दिसत नाही, ती स्पर्शालाही जाणवते. एकाच खोलीत ठेवलेले ग्रॅनाइट आणि लाकूड सारख्याच तापमानाचे असतात, तरीही हात ठेवताच ग्रॅनाइट गार लागते. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता लाकडापेक्षा दहा ते वीस पट अधिक असल्याने ते हातातील उष्णता झपाट्याने शोषून घेते. दगड, काच, पोलाद आणि चकचकीत लॅमिनेट यांनीच भरलेल्या खोलीत हाताला कोठेच ऊब मिळत नाही. शिवाय हे कठीण पृष्ठभाग आवाजही परतवतात. भांड्यांचा खणखणाट आणि मिक्सरची घरघर दुप्पट वाटते, ती यामुळेच.

म्हणून रंगाच्या आधी साहित्य बदलावे. एका कोपऱ्यात सागवानी किंवा शिसवी फळी, रोजच्या वापरातील पोळपाट, काठवट आणि रवी टांगायला खुंट्या, खिडकीला सुती पडदा, बसायच्या जागी जाड सुती आसन. यांतील काहीही भिंतीला धक्का न लावता करता येते. पडदा शेगडीपासून दूर असावा आणि कृत्रिम धाग्याचा नसावा. ज्योतीजवळ असे कापड वितळून चिकटते. उघडी फळी चिमणीलगत लावू नये, कारण तेलकट वाफ प्रथम तेथेच बसते. अशा फळीवर रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात. वापरातली वस्तू आपोआप स्वच्छ राहते, शोभेची मात्र चिकट होते. कोकणात व मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेमुळे लाकडाला बुरशी धरते. तेथे फळी भिंतीपासून बोटभर सुटी ठेवावी आणि तिला सर्व बाजूंनी पॉलिश करून घ्यावे.

ऊब आणणाऱ्या वस्तूंमध्ये तांब्या-पितळेला तोड नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून हा व्यवसाय चालत आला आहे. ठोक्यांनी पत्र्याला बळकटी आणि झळाळी देणारे तेथील मठारकाम प्रसिद्ध आहे. अशा भांड्यावरील प्रत्येक ठोका वेगळ्या कोनातून प्रकाश परतवतो, त्यामुळे चकचकीत पोलादासारखी डोळ्यांवर तिरीप न येता मऊ चमक मिळते. मात्र दोन पथ्ये पाळायला हवीत. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो असे आंबट पदार्थ शिजवू किंवा ठेवू नयेत. तसेच काळे पडू नये म्हणून रासायनिक मुलामा दिलेली शोभेची भांडी खाण्यापिण्यासाठी वापरू नयेत.

अंग, काठ आणि पदर

यानंतर रंगाची पाळी. अंतर्गत सजावटीत साठ-तीस-दहा असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के त्याला साथ देणारा आणि दहा टक्के उठावाचा. मराठी वाचकाला हे निराळे शिकवावे लागत नाही. उत्तम साडी याच हिशेबाने विणलेली असते. अंग शांत, काठ ठसठशीत आणि पदरावर सारा उत्सव. पांढऱ्या किंवा राखाडी शटरचे अंग आधीच तयार असेल, तर ते बदलायची आवश्यकता नाही. त्याला काठ आणि पदर तेवढा द्यायचा आहे.

काठ म्हणून ओट्यामागची टाइल्सची पट्टी किंवा एखादी भिंत निवडावी. हळदी, गेरू, विटकरी, आमसुली, डाळिंबी, अंजिरी या छटा आपल्या अन्नाशी आणि मातीशी नाते सांगणाऱ्या असल्याने चटकन रुळतात. पदराचे काम बरण्या, कुंड्या, नॅपकिन, डब्यांची झाकणे यांच्याकडे सोपवावे. कंटाळा आला तर ते बदलणे सोपे जाते. सर्व शटर भडक लाल-केशरी करण्याचा मोह टाळलेला बरा. असा बदल महाग पडतो आणि लवकर डोळ्यांवर येतो. लाल रंगाने भूक वाढते वगैरे विधानांवर विसंबून निर्णय घेऊ नयेत.

रंग शेजारच्या रंगाने बदलतो, हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९ मध्येच सविस्तर दाखवून दिले होते. पॅरिसमधील गोब्लाँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात ते रंगाईचे प्रमुख होते. रंग फिके पडल्याच्या तक्रारींचा शोध घेताना दोष रंगात नसून शेजारी विणलेल्या धाग्यात असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. स्वयंपाकघरातही हेच घडते. विटकरी भिंतीशेजारची राखाडी टाइल हिरवट भासू शकते. त्यामुळे दुकानातील कार्डावरून रंग ठरवू नये. दोन फूट लांब-रुंद पट्टा भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी आणि रात्री घरच्याच दिव्यात पाहावा.

दिशेचाही विचार हवा. उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश निळसर असतो. तेथे हळदी, बदामी छटा शोभतात. मुंबईत डक्टकडे उघडणाऱ्या अंधाऱ्या स्वयंपाकघरांनाही त्या उपकारक ठरतात. याउलट नागपूर-चंद्रपूरसारख्या ठिकाणी पश्चिमेचे ऊन स्वयंपाकघरात येत असेल, तर आणखी केशरी रंगाने जीव कासावीस होईल. तेथे भिंत मोतिया किंवा फिकट हिरवी ठेवून ऊब लाकूड-पितळेतून आणावी.

हळदीचे डाग आणि सांधे

पांढऱ्या ओट्याचा खरा शत्रू हळद. तिचा डाग तत्काळ पुसावा. राहिलाच, तर उन्हाचा उपयोग होतो, कारण हळदीतील पिवळे द्रव्य सूर्यप्रकाशात फिके पडते. टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले असेल, तर वर्षभरात ते पिवळट होते. सांधे वरवर खरवडून त्यांत फिकट तपकिरी किंवा राखी रंगाचे इपॉक्सी ग्राउट भरल्यास डागही कमी पडतात आणि भिंतीचा कोरडा पांढरेपणाही मोडतो. एका दिवसाच्या या कामाने नव्या टाइल्सचा खर्च वाचतो.

खिडकीत ऊन येत असेल, तर पुदिना, कोथिंबीर, गवती चहा यांच्या मातीच्या कुंड्या ठेवाव्यात. ऊन नसेल, तेथे मनी प्लँट तग धरतो.

घाई नको

नूतनीकरण संपताच सजावटीच्या वस्तूंची खरेदी करणे टाळावे. पहिल्या आठवड्यात फक्त दिवे बदलावेत आणि दोन-तीन महिने स्वयंपाकघर वापरून पाहावे. कोणता कोपरा गार वाटतो, कोठे उभे राहावेसे वाटते, कोणती वस्तू दिवसातून दहा वेळा ट्रॉलीतून काढावी लागते, हे तेवढ्या काळात उमजते. ती वस्तू ट्रॉलीतून बाहेर काढून फळीवर ठेवावी. माळ्यावर टाकलेली लोणच्याची बरणी, आजीचा पितळी डबा, खलबत्ता यांनाही पुन्हा काम द्यावे. अखेर एक बसण्याची जागा करावी. ओट्याशेजारी एक स्टूल मावेल एवढी पुरे. कोणी तरी शेजारी बसून शेंगा सोलत असले, की स्वयंपाकघर थंड वाटत नाही.