गाडी लागते? उपाय उलटी झाल्यावर नाही, गाडीत बसण्याआधी करा

लग्नसराई, देवदर्शन, सुट्टीत मुंबई-पुण्याहून गावाकडं येणं-जाणं, नाहीतर मोठ्या दवाखान्यातली तारीख. कारण कुठलंही असो, घाटाजवळच्या गावांत प्रवास ठरला की अनेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘गाडी लागणार तर नाही ना?’ पसरणी, केळघर, कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की काही जणांना जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, गार घाम फुटतो आणि पोट ढवळून निघतं. पुढं काय होतं ते सांगायला नको.

या त्रासापायी काही जण प्रवासच टाळतात. एखादं लग्न चुकलं तर एकवेळ चालतं, पण डोळ्याचं ऑपरेशन किंवा डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख ‘मला गाडी लागते’ म्हणून चुकवली तर नुकसान मोठं होतं. त्याहून धोक्याची सवय म्हणजे उलटी आली की चालत्या गाडीतून डोकं बाहेर काढणं. खरं तर थोडी तयारी आधी केली तर बहुतेकांचा त्रास बराच कमी होतो.

गाडी लागते म्हणजे नेमकं काय होतं?

उलटी पोटातून येते म्हणून लोक दोष पोटाला देतात. पण सुरुवात कानात आणि डोळ्यांत होते. आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. डोकं वळलं, कललं की त्यातला द्रव हलतो आणि शरीर हलतंय हे मेंदूला कळतं. गाडी वळते, उसळते, ब्रेक लागतो, हे सगळं कान मेंदूला कळवत असतो.

त्याच वेळी डोळे मात्र गाडीच्या आत, समोरच्या सीटवर किंवा मोबाईलवर असतात. डोळे सांगतात, ‘सगळं जागच्या जागी आहे.’ कान सांगतो, ‘आपण जोरात हलतोय.’ दोघांचा मेळ बसत नाही, मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळ सुरू होते.

कानाचा यात किती वाटा आहे, हे जुन्या काळापासून माहीत आहे. जन्मतः किंवा आजारामुळं कानातला हा तोल सांभाळणारा भागच निकामी झालेल्या माणसांना बोट लागत नाही, असं अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे गाडी लागणं हा अशक्तपणा नाही आणि नाटकही नाही. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं जहाजावरून जग फिरला, तरी त्याला बोट लागण्याचा त्रास होतच राहिला.

हा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, त्यातही गरोदरपणात आणि पाळीच्या दिवसांत वाढतो. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनाही गाडी लवकर लागते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सहसा गाडी लागत नाही. एवढं लहान लेकरू उलट्या करत असेल तर दुसरं कारण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

कुठं बसायचं, कुठं बघायचं

गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. त्याची नजर पुढच्या रस्त्यावर असते आणि पुढचं वळण कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. प्रवाशानं जमेल तेवढं तेच करायचं.

एसटीत मागची सीट टाळा. मागच्या चाकांच्याही मागं बसलेल्याला उसळी आणि झोका दोन्ही जास्त बसतात. पुढच्या बाजूची किंवा दोन्ही चाकांच्या मधली सीट धरा. आरक्षण करत असाल तर सीट निवडतानाच हे बघा. आरक्षण नसेल तर चढल्याबरोबर कंडक्टरला सांगा, ‘गाडी लागते, पुढं जागा मिळेल का?’ बहुतेक वेळा सोय होते.

वडापच्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकड्यावर बसणं सगळ्यात वाईट. तिथं तोंड एका बाजूला आणि गाडी दुसऱ्या बाजूला जाते, वर पुढचा रस्ता दिसत नाही. पाच मिनिटं थांबून पुढची गाडी धरली तरी चालेल, पण तोंड पुढं होईल अशी जागा बघा.

चारचाकीत मोठ्या माणसानं ड्रायव्हरशेजारी बसावं. लहान मुलाला मात्र पुढं मांडीवर घेऊ नका, अचानक ब्रेक लागला तर जीवावर बेतू शकतं. त्याला मागं मधोमध, पट्टा लावून बसवा, म्हणजे दोन सीटच्या मधून त्याला रस्ता दिसतो.

नजर लांब ठेवा. समोरचा रस्ता, डोंगराची कड, लांबचं झाड. बाजूच्या खिडकीतून जवळची पळती झाडं बघत बसू नका. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवा. बघायला काहीच नसेल, रात्र असेल, तर डोळे मिटून पडून राहणं चांगलं. आणि मोबाईल पिशवीत ठेवा. रिल्स बघणं, मेसेज वाचणं, मुलांच्या हातात गेम देणं म्हणजे घाटात मळमळीला आमंत्रण. गाणी, भजन, कीर्तन ऐकायला काही हरकत नाही.

उपाशी निघू नका

‘पोटात काही नसलं की उलटी होणार नाही’ हा समज सगळीकडं आहे. प्रत्यक्षात रिकाम्या पोटी मळमळ वाढू शकते, आणि उलटी आलीच तर नुसतं पित्त पडून जीव अधिक घाबरा होतो. निघण्याच्या तास-दोन तास आधी हलकं खा. भाकरी किंवा चपातीचा अर्धा-एक तुकडा, मऊ भात, केळं, बिस्किट चालतं. मिसळ, वडापाव, भजी, मटणाचं जेवण परतल्यावर. वाटेत एकदम तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा घोट-घोट पाणी घ्या. दारू आणि तंबाखूनं त्रास वाढतो.

ज्यांना शुगर आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी तर उपाशी प्रवास करूच नये. रिकाम्या पोटी रक्त तपासायला जायचं असेल तर गोळीचं आणि खाण्याचं काय करायचं, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.

वासानंही पोट ढवळतं. डिझेलचा धूर, अगरबत्ती, उग्र अत्तर, गाडीत टांगलेली सुगंधी डबी यांपासून लांब राहा. जमेल तेव्हा काच उघडून वारं घ्या.

गोळी कधी आणि कोणाला?

सगळ्यात जास्त चूक इथं होते. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण पोटाचं काम तोवर मंदावलेलं असतं आणि गोळी बऱ्याचदा उलटीतूनच बाहेर पडते. गाडी लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची असते. कोणती गोळी आहे त्यावर अर्धा तास ते दोन तास आधी, हे डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारून घ्या.

यासाठी प्रोमेथाझिन (म्हणजे आपल्याकडं सर्रास मिळणारी अव्होमिन), डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन अशी औषधं वापरली जातात. इतर उलट्यांसाठी दवाखान्यात नेहमी दिली जाणारी ओन्डान्सेट्रॉन गाडी लागण्यावर विशेष चालत नाही. त्यामुळं घरात उरलेली उलटीची कुठलीही गोळी पिशवीत टाकून निघण्यात अर्थ नाही.

गोळी घेताना एवढं पाळा:

• या गोळ्यांनी झोप येते. गोळी घेऊन गाडी चालवू नका. फाट्यावर मोटारसायकल लावून एसटीनं गेला असाल, तर परतताना गोळी घेतल्यावर ती चालवत घरी जाऊ नका, कुणाला तरी न्यायला बोलवा.
• गोळीवर दारू अजिबात नको.
• प्रोमेथाझिन दोन वर्षांच्या आतल्या बाळाला द्यायची नसते. मोठ्या मुलांनाही मोठ्यांची गोळी अंदाजानं तोडून देऊ नका, डोस विचारून घ्या.
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी, झोपेची किंवा फिटची गोळी सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आलं, लिंबू, आवळासुपारी आणि पेपर

आल्याची वडी किंवा आल्याचा छोटा तुकडा चघळल्यानं काहींची मळमळ कमी होते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून बघायला हरकत नाही. लिंबू हुंगल्यानं गाडीतला नकोसा वास दबतो. आवळासुपारी, लिमलेटच्या गोळ्या चघळून तोंडाला बरं वाटतं. मात्र लहान मुलांच्या घशात कडक गोळी अडकू शकते, त्यांना चालत्या गाडीत ती देऊ नका. सीटवर पेपर टाकून बसणं किंवा पोटाला कागद बांधणं यानं कान-डोळ्यांचा गोंधळ मिटत नाही. त्यावर भिसत राहून गोळी विसरू नका.

उलटी येतेय असं वाटलं तर

डोकं आणि हात खिडकीबाहेर काढू नका. घाटातल्या वळणावर समोरून येणारा ट्रक, एसटी अगदी चिकटून जाते. झाडाची फांदी, खांब, कठडा क्षणात जवळ येतो. एवढ्याशा उलटीसाठी जीव जाऊ शकतो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर उलटी गेली तर तोही पडू शकतो.

घरातून निघतानाच पिठाची किंवा साखरेची रिकामी, जाड, भोक नसलेली दोन-तीन पिशव्या जवळ घ्या. पिशवी बोचक्यात तळाला नको, हाताशी हवी. मुलासोबत असाल तर मुलाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा. बडबडं पोरगं एकदम गप्प झालं, चेहरा पांढरा पडला, जांभया द्यायला लागलं की पिशवी उघडा. भरलेल्या पिशवीला गाठ मारा, बाहेर फेकू नका.

उलटीनंतर चूळ भरा, थोडं थांबून घोट-घोट पाणी किंवा जलसंजीवनी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून टाका.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

वऱ्हाडाची क्रूझर असो की घरची इको, प्रवाशाला गाडी लागणं बरंचसं ड्रायव्हरच्या पायावर असतं. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात दचका देऊन ब्रेक मारू नका, चढावर उगाच रेस करू नका. दर तास-दीड तासानं पाच-दहा मिनिटं थांबा. घाटात मात्र वळणावर नाही, रुंद आणि दोन्हीकडून दिसेल अशा जागी थांबा.

प्रत्येक उलटी म्हणजे गाडी लागणं नव्हे

गाडी थांबल्यावर, खाली उतरून मोकळ्या हवेत बसल्यावर हा त्रास हळूहळू उतरतो. पण खालीलपैकी काही दिसलं तर ‘गाडी लागली असेल’ म्हणून पुढं जात राहू नका:

• छातीत दाब किंवा दुखणं, दम लागणं, हात किंवा जबड्यापर्यंत कळ जाणं.
• तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं.
• डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेल्या उलट्या.
• शुगरच्या पेशंटला थरथर, दरदरून घाम, असंबद्ध बोलणं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर द्या.
• उलटीत रक्त, किंवा प्रवास संपून कित्येक तास झाले तरी उलट्या सुरूच.
• बंद काचांच्या गाडीत सगळ्यांचंच एकदम डोकं दुखणं, गरगरणं. विषारी धूर आत येत असू शकतो. गाडी बंद करून सगळ्यांनी आधी बाहेर पडावं.

अशा वेळी जवळचा दवाखाना गाठा किंवा १०८ वर फोन करा. आणि वारंवार गाडी लागत असल्यानं दवाखान्यात जायचंच टाळत असाल, तर पुढच्या वेळी गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंना हे आधी सांगा. कोणती गोळी, किती वाजता घ्यायची, हे डॉक्टरांकडून विचारून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद प्रवासाच्या पिशवीतच ठेवा.