किल्ली फिरवली, गाडी गप्प!

सकाळची घाई, मुलांच्या शाळेची वेळ आणि गाडी सुरू होत नाही. घामाघूम झालेला मालक पुन्हापुन्हा किल्ली फिरवतो आणि बॅटरीतली उरलीसुरली ताकदही संपवतो. मग मेकॅनिक म्हणेल तो भाग बदलायचा आणि बिल भरायचे! खरे तर दोष विजेचा की इंधनाचा, हे गाडी स्वतःच सांगत असते. फक्त कान द्यायला हवा.

नुसतीच टकटक

इंजिन न फिरता टकटक आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल असते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढून ती साफ करावी. दिवे लख्ख असूनही इंजिन फिरत नसेल तर संशय स्टार्टरवर.

नवी बॅटरी घेण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासणी करून घ्यावी. बंद गाडीत भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण 13.5 ते 14.5 हवा. तो वाढलाच नाही, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासावा. तोच बिघडला असेल तर नवी बॅटरीही लवकरच उतरेल.

फिरते, पण पेटत नाही

इंजिन जोमाने फिरते म्हणजे बॅटरी ठीक आहे. आता इंधन पाहावे; सुरुवात अर्थातच काट्यापासून! इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली 'ऑन' करताच टाकीकडून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. तो इंधनपंप. आवाज नसेल तर त्याचा फ्यूज आणि रिले बघावा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तारेचा तुकडा जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. गुणगुण असूनही इंजिन पेटत नसेल तर फिल्टर किंवा स्पार्क प्लगची पाळी. हा पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच थंड राहतो, म्हणून गाडी कायम रिझर्व्हवर चालवणे महागात पडते.

इथे थांबावे

पेट्रोलचा उग्र वास आला तर पुन्हा किल्ली फिरवू नये. मुलाबाळांना उतरवून दूर न्यावे आणि मेकॅनिकला बोलवावे. इंधनाची नळी स्वतः सोडू नये. इंजिन बंद असतानाही तिच्यात दाब असतो.

'गाडी बंद पडली' एवढेच सांगण्याऐवजी 'इंजिन फिरते, पण पंपाचा आवाज नाही' असे सांगितले, की मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि मालकाचे पैसेही!